शून्याचा सात

माझ्या साडूंइतकं शांतपणे जगाचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस डहाणू तालुक्यात दुसरा नसेल. फक्त जगाने ते एकेक करून सांगावं, एवढीच त्यांची अट असते. दोन माणसं एका वेळी बोलू लागली की ते डोळे मिटतात. तिसरं कोणी मध्ये पडलं की चष्मा काढून खिशात ठेवतात, आणि त्यानंतर घराचं छप्पर खाली आलं तरी त्यांना ते लेखी कळवावं लागेल. आमच्या सासुरवाडीला चार बहिणी. त्या एकत्र जमल्या की सगळ्या बोलतात आणि ऐकायची जबाबदारी कोणावरच नसते. अशा घरात या माणसाने संसार केला, तो बहुतेक चष्मा खिशात ठेवूनच.

या स्वभावाचं मूळ एका चिपमध्ये आहे. चिकूच्या बीला दोन्ही बाजूंनी आठ-आठ पाय फुटले आणि ती चालायच्या बेतात असली तर जशी दिसेल, तशी ही काळी चिप. तिचं नाव ॲनालॉग मल्टिप्लेक्सर. साडू बोईसरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. तिथे तरुणपणी या चिपशी त्यांची गाठ पडली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांच्या लग्नानंतर माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, माहेरी कौतुकाने सांगितलं, ‘यांचं मल्टिप्लेक्सचं काम असतं.’ पुढची दोन वर्षं आमचे सगळे नातेवाईक त्यांच्याकडे सिनेमाचे पास मागत होते. साडूंनी प्रत्येकाला खाली बसवून कागदावर चिपचं चित्र काढून दाखवलं. पास मागणं थांबलं; येणंही थांबलं.

मलाही त्यांनी ते चित्र काढून दाखवलेलं आहे. ‘साडूभाऊ, आठ जणांना बोलायचंय आणि ऐकायला कान एकच आहे. मग हा आपला फाटकवाला काय करतो? एकाचं फाटक उघडतो, बाकीच्या सातांची बंद. त्याचं ऐकून झालं की ते बंद, पुढचं उघड. आणि आत जे येईल ते जसंच्या तसं पुढे. पदरचं काही घालत नाही.’ मी आयुष्यभर सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. खालचं वर आणि वरचं खाली पाठवताना पदरचं काही न घालणारा मला तिथे कोणी भेटला नव्हता. त्यामुळे चिप मला मनापासून आवडली, पण तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला.

घरी त्यांच्याकडे या चिपा काळ्या स्पंजात टोचून, गोळ्यांच्या डबीत ठेवलेल्या असतात. अंगातल्या विजेने चिप मरते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून डबीला हात लावण्याआधी ते खिडकीचा लोखंडी गज पकडून क्षणभर उभे राहतात. शेजारच्या नव्या भाडेकरूंना वाटलं, हे कसलं तरी व्रत आहे. त्यांनी ताईंना विचारलं, ‘कोणत्या वारी करायचं असतं?’ टेबलाच्या तीन फुटांच्या आत नायलॉनच्या साडीला बंदी. एकदा विहीणबाई ताईंच्या मुलीच्या केळवणाला भरजरी सिंथेटिक साडी नेसून आल्या आणि सरळ टेबलाकडे निघाल्या. साडू दोन्ही हात पसरून आडवे झाले. ‘आधी नळाला हात लावून या,’ ते म्हणाले. विहीणबाईंना वाटलं, हात धुवायला सांगताहेत. तो गैरसमज ताई अजून निस्तरताहेत.

त्या चिपचे जे नियम, ते सगळ्या सृष्टीला लागू आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. चिपचा एखादा पाय वापरायचा नसेल तर तो मोकळा सोडायचा नाही, कुठेतरी बांधून टाकायचा. नाहीतर तो हवेतलं काहीबाही पकडतो आणि बाकीच्यांना बिघडवतो. हा नियम ते पदवी घेऊन घरी बसलेल्या आमच्या पुतण्याला लावतात. तो दिसला की खिन्नपणे म्हणतात, ‘मोकळा पाय.’ आमटी कशी झालीय या प्रश्नाला ‘छान’ असं उत्तर देत नाहीत. छान आणि वाईट, हो आणि नाही, हे त्यांच्या मते आळशी लोकांचं काम. ॲनालॉग माणसाने जसं आहे तसं सांगावं. म्हणून ते सांगतात, ‘कालच्यापेक्षा किंचित वर, पण मंगळवारच्या खाली.’ ताईंनी आमटीबद्दल विचारणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. आणि डहाणूच्या मासळीबाजारात एका रविवारी, चार कोळणी चारही बाजूंनी एकदम ‘ओ काका, इकडं या, ताजा हाय’ असं ओरडायला लागल्या, तेव्हा या गृहस्थांनी हात वर करून सांगितलं, ‘एकेक करून. डावीकडून सुरू करा.’ मग डावीकडची म्हणाली, ‘काका, बोंबील काय रांग लावून जाल्यात आला? घ्यायचा तर घ्या, नाय तर पुढं व्हा.’ त्या दिवशी आम्ही शाकाहारी जेवलो.

पण सगळ्यात ताप झाला तो शून्याचा. त्यांची चिप मोजायला शून्यापासून सुरुवात करते. आठ फाटकं, पहिलं शून्य, शेवटचं सात. साडूही तसंच मोजतात. ते डहाणूतल्या आत्ताच्या घरी राहायला गेले तेव्हा मला पत्ता सांगितला, ‘गल्लीत शिरलात की डावीकडे तिसरं घर.’ मी तिसऱ्या घराची कडी वाजवली. एका अनोळखी गुजराती कुटुंबाने मला पाणी दिलं, चहा दिला, आणि मी मुलीसाठी स्थळ घेऊन आलोय अशा समजुतीने तासभर बसवून घेतलं. बाहेर पडलो तर पुढच्या घराच्या ओट्यावर साडू उभे. ‘मी तिसरं म्हटलं होतं,’ ते म्हणाले. ‘शून्य, एक, दोन, तीन.’ चूक आपली आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. चूक एकाची होती, म्हणजे एक या आकड्याची.

अशा माणसाला जमनाबाई भेटल्या त्या डहाणूच्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात. तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरच्या या बाई. पन्नाशीच्या, सुकलेल्या अंगाच्या, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. पाड्यावरच्या दहा बायकांचा गट करून त्या कोंबडीची पिल्लं वाढवत. एका दिवसाची पिल्लं आणायची, शेडमध्ये बांबूच्या तट्ट्यांचे आठ कप्पे, प्रत्येक कप्प्यात उबेला एक मोठा बल्ब. आदल्या थंडीत एका कप्प्याचा बल्ब गेला. कोणाला कळलं नाही. थंडी वाजली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात, ढीग होतो, आणि तळातली गुदमरतात. जमनाबाईंनी सकाळी तो ढीग स्वतःच्या हातांनी उपसला होता. आता नवी पिल्लं यायची होती आणि गटातल्या निम्म्या बायका म्हणत होत्या, पुन्हा तसं पाप नको. या खेपेला झालं तर शेड बंद. ‘असा बल्ब दे, जो जात नाय,’ असं त्या दुकानदाराला सांगत होत्या. दुकानदार हसला. साडू बाजूला सोल्डरची तार घेत उभे होते. ते हसले नाहीत. ‘बाई, बल्ब जाणारच,’ ते म्हणाले. ‘तो गेला हे तुम्हाला कळलं पाहिजे.’

पुढचे दोन महिने आम्ही माझ्या स्कूटरवरून, कोसबाड मागे टाकत, तलासरीला जा-ये करत होतो. आम्ही म्हणजे मी चालवत होतो आणि साडू मागे डबी छातीशी धरून बसले होते. यंत्र साधं होतं. प्रत्येक कप्प्यात एक मण्याएवढा सेन्सर, आठांच्या तारा त्या चिपमध्ये, आणि दारापाशी भिंतीवर एक लाल आकड्यांची पेटी. चिप आठही कप्प्यांना क्रमाने विचारणार. पेटीवर आधी कप्प्याचा नंबर, मग तिथली ऊब. कुठे ऊब फार खाली गेली की पेटी त्या नंबरावर थांबून किंचाळणार. साडूंनी स्वतः रंगाचा ब्रश घेऊन कप्प्यांवर नंबर घातले. दारातला पहिला कप्पा: शून्य.

जमनाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. ‘काका, हे काय काढलं?’

‘शून्य.’

‘शून्य म्हंजे काय नाय. हितं तर साठ पिल्लं राहणार. साठ पिल्लं हायत आणि काय नाय, असं कसं?’

मी मनात म्हटलं, आता चष्मा खिशात जाणार. पण त्या एकट्याच बोलत होत्या, त्यामुळे साडू ऐकत होते. ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, ‘जमनाबाई, घरात लहान कोण आहे?’

‘नातू हाय. आठ महिन्यांचा.’

‘किती वर्षांचा झाला?’

‘वर्षाचा कुठं? अजून...’ आणि त्या थांबल्या. मग इतक्या जोरात हसल्या की बाहेरची कुत्री उठून बसली. ‘आमचा नातू शून्याचा! रडतो मात्र धा जणांचा!’ त्या दिवसापासून शून्याला पाड्यावर मान मिळाला. दहाही बायका शून्यापासून मोजायला लागल्या. साडूंच्या उभ्या आयुष्यात एवढा मोठा विजय झाला नव्हता. परतताना त्यांनी रस्ताभर माझ्या पाठीशी शीळ घातली, आणि शीळ त्यांना येत नाही.

पिल्लं आली. चार दिवस यंत्र बिनबोभाट फिरत राहिलं. एवढ्यात सरकारी आदिवासी प्रकल्पाच्या साहेबांना कळलं की तलासरीत काहीतरी चांगलं चाललंय, आणि चांगलं चाललेलं काही उद्घाटनाशिवाय चालू देणं कोणत्याच साहेबाला सहन होत नाही. मांडव पडला. प्रमुख पाहुणे ठरले. साडूंचा सत्कार ठरला. सकाळी नऊची वेळ दिली होती, म्हणून पाहुणे अकराला आले. जानेवारीतला बोचरा वारा सुटलेला, आकाश ढगाळ. साडूंना शेडकडे जायचं होतं, पण दोन कार्यकर्त्यांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून व्यासपीठावर नेऊन बसवलं आणि अंगावर शाल घातली. ती नायलॉनमिश्रित होती. साडूंनी नाइलाजाने मांडवाचा लोखंडी खांब धरला आणि तो धरूनच बसले. फोटोत ते खांबाचं उद्घाटन करत असल्यासारखे दिसतात.

पाहुणे बोलायला उभे राहिले. विज्ञान, ग्रामीण भाग, महिला शक्ती आणि ते स्वतः, असे चार विषय त्यांनी घेतले होते, आणि पहिल्या तिन्हींतून वाट चौथ्याकडेच जात होती. एवढ्यात शेडमधून पेटीची किंकाळी आली. साहेब धावत शेडच्या दाराशी गेले, पेटी वाचली आणि तिथूनच ओरडले, ‘सात नंबर! सात नंबर गार पडलाय!’ पाच-सहा माणसं आत घुसली. क्षणात आतून हाक आली, ‘सात नंबर एकदम ठणठणीत हाय! बल्ब चालू, पिल्लं दाणे टिपतायत!’ पेटी किंचाळतच होती. पाहुण्यांनी माइकमधून मंद हसून सांगितलं, ‘म्हणूनच मी सांगतो, यंत्र किती झालं तरी यंत्र. शेवटी माणसावर विश्वास ठेवला पाहिजे.’ मांडवात टाळ्या पडल्या.

मी साडूंकडे बघितलं. साहेब सांगत होते, ‘काका, तुमची पेटी बिघडली, आधी बंद करा.’ कार्यकर्ते काहीतरी विचारत होते, मांडववाला काहीतरी ओरडत होता, माइक चालूच होता. साडूंनी डोळे मिटले आणि एका हाताने चष्मा काढला. इतक्या वर्षांत मी या माणसाची यथेच्छ थट्टा केली होती, पण तो चुकावा असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि अशा लोकांसमोर तर नाहीच.

जमनाबाई व्यासपीठाच्या कडेला, पाहुण्यांना द्यायचा नारळ धरून उभ्या होत्या. त्या सरळ साडूंसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्यांचा दंड हलवला. बाकी सगळ्यांवर मात करणाऱ्या त्या आवाजात त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘काका, हा शून्याचा सात, का एकाचा सात?’

साडूंनी डोळे उघडले. ‘शून्याचाच. दुसरा कुठला असणार?’

‘काल साहेबांनी तुमच्या नंबरांवर पाट्या ठोकल्या! शून्य फोटोत बरं दिसत नाय म्हणून एकपासून नव्या लावल्या. तुमाला नाय सांगितलं?’

साडूंनी खांब सोडला. ‘म्हणजे शेवटचा कप्पा,’ ते म्हणाले. पण तोवर नारळ पाहुण्यांच्या खुर्चीत होता आणि जमनाबाई शेडच्या मागच्या अंगाला पोचल्या होत्या. मी त्यांच्या मागे धावलो. शेवटच्या कप्प्याच्या बाजूचं गोणपाट फोटोला उजेड हवा म्हणून वर गुंडाळलेलं होतं आणि वारा सरळ आत येत होता. बल्ब जमिनीवर पडला होता. त्याच्या जागी होल्डरमध्ये एक प्लग खुपसलेला होता, आणि त्यातून निघालेली वायर मांडवाकडे, थेट माइकच्या मशीनपर्यंत गेली होती. कोपऱ्यात पिवळा ढीग होता. तो हलत होता, पण कमी.

जमनाबाईंनी एका हिसक्यात प्लग उपटला. बाहेर ‘आणि म्हणूनच माझ्यासारख्या’ इथवर आलेलं भाषण तिथेच तुटलं. मी बल्ब लावला. तो तिसऱ्या प्रयत्नाला बसला. त्या गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग हलकेच पसरत होत्या, वरची बाजूला, खालची उजेडाखाली. ‘चल गं, चल, उठ, मर मेल्या सरक,’ असं काहीतरी तोंडाने चाललेलं. साडू शाल सावरत आले, गोणपाट खाली सोडलं, मग शाल काढून तीही त्यावर टांगली. तळातलं एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. जमनाबाईंनी ते पदरात घेतलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि बल्बजवळ धरून बसल्या. आम्ही तिघंही त्या पदराकडे बघत होतो. मोजण्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. बऱ्याच वेळाने पदरातून एक अगदी बारीक, चिडका ‘चिक्’ आला.

‘आलं,’ जमनाबाई म्हणाल्या, आणि मग एकदम रडायला लागल्या. नंतर मोजली, साठच्या साठ वाचली होती. भिंतीवरची पेटी गप्प झाली आणि पुन्हा पहिल्या कप्प्यापासून विचारत निघाली. साडूंनी खिसे चाचपले, चष्मा सापडला, तो लावला. माझ्या छातीवरून कोणी जातं उतरवून ठेवावं तसं मला झालं. बाहेर पाहुणे विनामाइक भाषण करत होते आणि ते कोणालाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे भाषण फार चांगलं झालं, असं नंतर सगळे म्हणाले.

त्याच दुपारी साडूंनी पेचकस मागवला. नव्या पाट्यांप्रमाणे यंत्र एकपासून मोजायला लावतो, म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकून मीच हादरलो. ‘चूक माझी,’ ते म्हणाले. ‘मी सगळ्यांना ऐकायला शिकवत बसलो, आणि आपला सात कुठला हे विचारलं नाही.’ जमनाबाईंनी पेचकस काढून घेतला. ‘काय गरज नाय. यंत्र बरोबर हाय, पाट्या काढा.’ आणि दहा बायकांनी साहेबांदेखत झेंडूच्या माळांसकट नव्या पाट्या उतरवून चुलीकडे नेल्या.

दीड-दोन महिन्यांनी पिल्लं मोठी होऊन टेम्पोने गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तलासरीला गेलो. जमनाबाई रानात गेल्या होत्या. शेड झाडून, चुना मारून रिकामी ठेवलेली. बल्ब बंद. पेटी मात्र चालूच होती. आठ रिकाम्या कप्प्यांना एकामागून एक विचारत होती आणि आठहीकडून एकच आकडा येत होता, बाहेरच्या तापल्या हवेचा. मी म्हटलं, ‘बंद करू या ना. आता आत कोण आहे?’

साडूंनी बटणाकडे हात नेला आणि तिथेच थांबवला. ‘या फेरीत मध्येच नको,’ ते म्हणाले. ‘पाचापर्यंत आलंय.’

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. पाच झालं. सहा झालं. सात झालं. मग त्यांनी बटण दाबलं, लाल आकडे विझले, आणि शेडमध्ये इतकी शांतता झाली की दोघांनाही एकदम काही बोलावंसं वाटलं. ‘तुम्ही आधी,’ साडू म्हणाले. मी काय बोलणार होतो ते विसरलो होतो, पण ते माझ्याकडे बघत, वाट पाहत उभे राहिले.